मडमेचं गाणं

सन चौतीसच्या हिवाळ्यात शेलूबाजारातल्या उकंडरावाची बायको मनकर्णा दळता दळता भलतीच चाल गुणगुणू लागली, आणि जात्याच्या खुंट्यावरचा तिच्या सासूचा हात थांबला. जात्यावर बाई गाते ती भावाला, बापाला, फार झालं तर देवाला. ह्या चालीत कोणाचंच नाव नव्हतं आणि शब्दही आपले नव्हते.

"हे काय गाऊन राह्यली वं?" सासूनं, प्रयागबाईनं विचारलं.

"काई नाई, आत्याबाई," मनकर्णा म्हणाली, आणि तिथंच चुकली. काही नाही म्हटलं की सासवांना सगळं कळतं, आणि कळतं ते नेमकं चुकीचं.

गोष्ट तशी साधी होती. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनवर एक गोरा इंजिनेर होता. त्याची मडम तापानं गेली, तेव्हा तो विलायतेला परत निघाला आणि जाताना आपला ग्रामोफोन एका तबकडीसकट गफ्फार शिंप्याला देऊन गेला. गफ्फारनं तो आतल्या खोलीत गोधड्यांखाली दडवला, कारण बिरादरीतल्या म्हाताऱ्यांना घरात गाणंबजावणं खपत नव्हतं. त्या खोलीत त्याची बायको सुलतानबी बायांच्या चोळ्यांची मापं घेई. ग्रामोफोनच्या सुया संपल्या तेव्हा तिनं बाभळीचा काटा लावून पाहिला. आवाज इतका दबका झाला की दाराबाहेर जाईना. माप द्यायला आलेल्या मनकर्णेनं तो तसा ऐकला.

गाणारा बाप्या होता. मनकर्णेच्या ओळखीचे बाप्ये गात ते पार दुसऱ्या शिवारात ऐकू जावं म्हणून; भजनात त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगत. हा आवाज चढवतच नव्हता. मागं पितळी वाजंत्री धीम्यानं वाजत होती, आणि हा अगदी जवळ बसून एकाच माणसाशी बोलत होता. शब्द एक कळला नाही, पण तो काय म्हणतोय ते तिला पक्कं कळलं. तिच्याशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. उकंडराव वाईट नव्हता. बायकोशी असं बोलता येतं हेच बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं, तोवर बरं चाललं होतं. त्या हिवाळ्यात मनकर्णेच्या चोळ्या वरचेवर सैल होऊ लागल्या, आणि मापाला पुन्हा पुन्हा जावं लागू लागलं.

गोऱ्यांची बोली कानावरून गेलेला माणूस म्हणून प्रयागबाईनं जिनच्या म्हाताऱ्या चौकीदाराला ओसरीवर बसवलं आणि सुनेचं गुणगुणणं गुपचूप ऐकवलं. म्हातारा पांढराफटक पडला.

"हे त मडमेचं गानं. बंगल्यातून रोज हेच आयकू ये. ते मेली अन् गानंबी गेलं."

झालं. मडमेला जिनमागच्या कडुनिंबाखाली पुरलं होतं, आणि मनकर्णा सरपणाला त्याच वाटेनं जायची. आणखी पुरावा कशाला पाहिजे? दुसऱ्याच दिवशी रिठदहून भूत उतरवणारा भगत आला.

भर दुपारी अंगणात मिरच्यांची धुरी पेटली. बाया भिंतीला चिकटून उभ्या होत्या, त्यांच्यात सुलतानबीही होती. अंगातल्या बाहेरच्यानं आपलं नाव आणि ठिकाण सांगितल्याशिवाय ते सुटत नाही, म्हणून भगत पुन्हा पुन्हा विचारत होता.

"कोन हायेस तू? हे गानं कुटून आनलं?"

मनकर्णेचा जीव घुसमटत होता. एक वाक्य बोलली असती तर धुरी विझली असती. पण पाटलांच्या वस्तीतली सून परक्या बाप्याचं पिरतीचं गाणं ऐकायला शिंप्याच्या आतल्या खोलीत जाते, हे एकदा गावाला कळलं, की आत फक्त सुलतानबी होती हे कोण ऐकून घेणार? मनकर्णेला माहेरी नेऊन टाकलं असतं, आणि गफ्फारचं बिऱ्हाड गावातून उठलं असतं. त्यापेक्षा भूत परवडलं.

सुलतानबीला राहवेना. ती पुढं झाली. "बुवा, जरा महं आयका—"

"मी मडम हाये," मनकर्णा म्हणाली.

अंगण मागं सरकलं. जन्मात सुनेला कधी बस म्हणाली नव्हती ती प्रयागबाई जमिनीला डोकं टेकून बसली.

"काय पायजे तुले?" भगतानं विचारलं. भुतं नारळ मागतात, हिरवा चुडा मागतात.

"मले गाऊ द्या. पुरं."

आणि ती गायली, उकंडरावाकडं पाहत, आवाज न चढवता. उकंडराव तिच्याकडं टक लावून पाहत राहिला, त्याचे ओठ थरथरले, आणि मनकर्णेला वाटलं, ह्याला कळलं. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

गाणं संपलं. उकंडरावानं भगताचे पाय धरले.

"बुवा, लवकर करा. मले हे आयकवत नाई."

भगतानं विळा निखाऱ्यात सरकवला आणि मनकर्णेच्या गळ्याकडं बोट दाखवलं. "गयात बसली हाये. डाग तितंच द्या लागन."

सुलतानबी रडत होती. आता ती बोलणार हे मनकर्णेनं ओळखलं. तिनं सुलतानबीकडं पाहून मान हलवली, नाही म्हणून. मग पदर बाजूला केला आणि हनुवटी वर उचलून धरली.