वीतभर उंच

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बास्केटबॉलची. अबू धाबीजवळ, मुसफ्फाच्या शाबिया भागात एका चारमजली इमारतीच्या मागच्या अंगणात, लोखंडी खांबावर माझा मुक्काम असतो. माझा रंग उडालाय, जाळीचे दोनचार धागे तेवढे लोंबतायत, आणि मागच्या फळीवर कबुतरांची कायम कृपा असते. तरी माझ्याकडे बघाल ते मान वर करूनच, कारण मी नियमापेक्षा वीतभर उंच आहे. आणि हो, मला त्याचा तोरा आहे. का नसावा?

माझा जन्म इथल्याच एका वर्कशॉपमधला. मालवणचे भिकाजी मेस्त्री तिथे वेल्डिंग करायचे. जिन्याचे कठडे करून उरलेल्या सळईला त्यांनी तापवलं, वाकवलं, आणि मला आकार दिला. मला बनवून घेणारा होता फ्रेडी. मूळचा वसईचा, अबू धाबीतल्या एका हॉटेलात मेजवान्यांचं वाढप सांभाळणारा बँक्वेट कॅप्टन. त्याची छोटी सँड्रा घरात चेंडू आपटून आपटून खालच्या मजल्यावरच्यांना जेरीस आणत होती, म्हणून हा सगळा खटाटोप.

फ्रेडीने टेप लावून मला अगदी नियमाच्या उंचीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा ट्रक आत शिरला आणि त्याच्या टपाने मला असं ठोकरलं की मी अजून विसरलेले नाही. वॉचमन हमदुल्ला कपाळावर हात मारून म्हणाला, "फ्रेडीभाई, या तो ट्रक छोटा करो, या इसको ऊपर करो!" ट्रक लहान करणं काही जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा मी वर गेले, ती कायमची.

झालं! पोरीचा हात माझ्या उंचीवरच बसला. शाळेच्या पहिल्या सामन्यात तिचा प्रत्येक चेंडू तिथल्या रिंगवरून पार पलीकडे. शाळेचे कोच यहया डोकं धरून ओरडत होते, "यल्ला, चल सँड्रा, बास्केट खाली आहे, आकाशात नाही!" घरी येऊन ती माझ्याखाली बसून रडली. मला फार वाईट वाटलं हो. पण दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा हजर. हळूहळू तिला दोन्ही उंची जमल्या. मात्र चेंडू उंच फेकायची सवय काही गेली नाही. तिचा चेंडू वर जायचा, आणखी वर जायचा, आणि मला न शिवता सरळ जाळीतून खाली. बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा. त्याच शॉटवर तिला अमेरिकेतल्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. त्या दिवशी मी फुगले. लोखंड फुगत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला इथल्या उन्हाळ्यात आणून उभं करा!

ती गेली आणि माझे दिवस फिरले. लोक माझ्यावर चादरी वाळत घालू लागले. आता बोला! एवढ्या मोठ्या खेळाडूची रिंग, आणि तिच्या गळ्यात कुणाची तरी फुलाफुलांची चादर.

मागच्या उन्हाळ्यात सँड्रा सुट्टीला आली. दोन वर्षं झाली होती, कॉलेजची दोन उरली होती. पण तिचा चेहरा उतरलेला. ऊन कलल्यावर सगळे खाली येऊन बसले, तेव्हा मला कारण कळलं. कॉलेजच्या संघात नवे कोच आले होते आणि त्यांना तिच्याहून उंच मुली हव्या होत्या. सामन्यांत सँड्रा नुसती बाकावर बसून असायची.

"पण फोनवर तुझे शॉट लाखो लोक बघतात ना?" फ्रेडी म्हणाला. बघत होते, म्हणूनच तर एक थंड पेयाची कंपनी तिच्या मागे लागली होती. कॉलेजात असेपर्यंत तिचा चेहरा त्यांच्या बाटलीवर, आणि त्याचे रग्गड पैसे. शिकायच्या व्हिसावर तिकडे असली कामं करता येत नाहीत, म्हणून शूटिंग इथेच, सुट्टीत. दुसरीकडे पोलंडमधला एक क्लब तिला व्यावसायिक खेळाडू म्हणून घ्यायला तयार होता. पगार कंपनीच्या पैशांच्या निम्माही नाही, आणि कॉलेज सोडावं लागणार.

फ्रेडीने दिरहॅमचे रुपये करून पाहिले, मोठ्याने. मग पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने. "यात विचार काय करायचा, बाळा? डिग्रीपण होते, पैसेपण मिळतात!"

"बट डॅडी, आय वोन्ट गेट टू प्ले," सँड्रा म्हणाली.

"दोनच वर्षं तर!" आई जोसेफिन म्हणाली. "डिग्री अर्धवट सोडून आलीस तर वसईला मी काय तोंड दाखवू?"

सँड्रा उठली आणि माझ्याकडे चेंडू फेकत राहिली. एकही चुकला नाही. माझा जीव मात्र तुटत होता. आईबापासाठी ती हो म्हणणार, हे मला दिसत होतं. आणि म्हणालीच.

शूटिंगच्या दिवशी उजाडताच दुबईहून निखिल आला. हा जाहिरात करणारा, पुण्याचा, गोड बोलणारा. पोरीचं खरं अंगण, खरी रिंग, सगळं त्याला फार आवडलं. मग त्याने मला खालून वर न्याहाळलं.

"अंकल, हिला जरा खाली घेऊया. चांगली दोनअडीच फूट. सँड्रा उडी मारून चेंडू वरून आत कोंबेल. कॅमेऱ्यात काही कळत नाही."

फ्रेडी शिडी लावून पाना घेऊन वर चढला. त्याने माझ्या पहिल्या बोल्टला पाना लावला. काय सांगू मित्रांनो, मी गंजलेल्या अंगाने तो बोल्ट जीव खाऊन धरून ठेवला.

"डॅडी, डोन्ट," खालून सँड्रा म्हणाली. "मला तसं कोंबता येत नाही. आय नेव्हर कुड."

"अगं, यायची गरजच नाही!" निखिल हसला. "तू फक्त छान दिस. खेळायचं कुणी सांगितलंय?"

फ्रेडीचा हात थांबला. त्याने वरून लेकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, नुसती खाली बघत उभी होती. तशी मान खाली घातलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. बहुतेक त्यानेही नाही.

तो खाली उतरला आणि शिडी मिटली. "खलास," तो म्हणाला. "निखिल, कॅमेरा बंद करा."

"अंकल, पैसे जातील!"

"जाऊ देत. सँड्रा, त्या पोलंडवाल्यांना हो म्हणून कळव."

पोरगी त्याच्या गळ्यातच पडली. जोसेफिनने डोळे पुसले, पण आईच ती. "डिग्री तिकडून पूर्ण करशील? नुसतं इन्शाल्ला म्हणून टाळू नकोस. नीट हो म्हण!"

"हो ममी. हो!"

सँड्रा पोलंडला गेली. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या शोभनाताईंनी फ्रेडीला इथेच गाठलं. "काय हो, मुलीचं कॉलेजही सोडवलंत आणि जाहिरातही घालवलीत म्हणे? मग मिळवलंत काय?"

फ्रेडी ताठ झाला. "तिला आता खेळायचे पैसे मिळतात, शोभनाताई. खेळायचे!"

मित्रांनो, तेव्हापासून मी कुणाला आवरत नाही.

तुमच्याकडे माझं फार मागणं नाही. एक नवी जाळी लावा, वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा, चादरी गच्चीत वाळवा. लहान मुलांसाठी शेजारी बुटकी रिंग खुशाल लावा, मी तिला सांभाळून घेईन. पण मला खाली ओढू नका. आणि नाताळात आपापल्या गाड्या इथून तेवढ्या बाजूला घ्या. सँड्रा येतेय, तिला खेळायला जागा लागेल.