डिस्कवरची सही

शेवटचा स्क्रू जावयाने काचेच्या बशीत टाकला आणि संगणकाचे झाकण भिंतीला टेकवून ठेवले. बाहेर रक्त देऊन बसलेली माणसे रिपोर्टसाठी खिडकीवर टकटक करत होती.

"दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी तारून नेईल, असं मला छातीठोकपणे सांगितलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी एक मेली. दुसरीनं काय तारलं?"

"दुसरीवर सगळे रिपोर्ट शाबूत आहेत, मॅडम. फक्त संगणक सुरू करणारा भाग तिच्यावर लिहिलेलाच नाही. तो एकट्या पहिलीवर होता." दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे न पाहता जावयाने पुढचे वाक्य टाकले. "मशीन मामांनी बसवलेलं. अर्धवट काम कधीतरी अंगाशी येतंच."

म्हणूनच तर म्हाताऱ्याला बोलावणे गेले होते. या प्रयोगशाळेतल्या संगणकांचे काम दोन वर्षांपूर्वी जावयाने सासऱ्यांच्या हातून काढून घेतले होते. बाईंच्या नदीपलीकडच्या शाखेचे काम अजून त्यांच्याकडे होते. आज ज्याच्या माथी खापर फुटेल त्याच्या हाती काहीच उरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

"मी दोन्हींवर लिहिलं होतं," सासरे म्हणाले.

"लिहिलं असतं तर पडद्यावर हा अंधार नसता, मामा. हातच्या कंकणाला आरसा कशाला?"

"असू दे, आरसाही बघू. काढा ती दुसरी डिस्क बाहेर, जावईबापू."

'जावईबापू' हा शब्द त्यांनी चिमट्याने उचलून बाजूला ठेवावा तसा उच्चारला.

जावयाने वायरी सोडवल्या, डिस्क ओढून उताणी केली. तिच्या पाठीवर पांढरी पट्टी होती. ज्या भागाला हात लावाल त्यावर तारीख घालून सही करा, ही सासऱ्यांकडून घेतलेली एकुलती एक शिस्त त्याने इमानेइतबारे पाळली होती. पट्टीवर गेल्या वर्षीची तारीख होती, आणि खाली सही त्याची स्वतःची. मामांनी बसवलेली दुसरी डिस्क बिघडली म्हणून तिच्या जागी ही बसवल्याचा तो दिवस त्याला आता लख्ख आठवला. रिपोर्ट नव्या डिस्कवर उतरले होते, आणि तेवढ्यावरच तो हात झटकून निघाला होता.

त्याचा अंगठा पट्टीवर सरकला.

"काय लिहिलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "कुणाचं काम आहे हे?"

अंगठा हलला नाही. सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि डोळ्यांवर न चढवता खिशात ठेवला.

"माझं."

"मग मघाशी खोटं बोललात?"

"वय झालं. विसरलो."

"तर मग पलीकडची शाखाही उद्यापासून हेच बघतील. किल्ल्या देऊन टाका." बाई खिडकीकडे वळल्या.

"मामा..."

"उपकार समजू नका," सासरे खालच्या आवाजात म्हणाले. "तुमच्या घरात माझी लेक राहते. कामाला लागा, लोक ताटकळलेत."

डिस्क परत जोडून, पेनड्राइव्हवरून संगणक चालवून जावयाने उरलेल्या डिस्कवर तो राहून गेलेला भाग लिहिला. पेनड्राइव्ह उपसून बटण दाबले. पडदा उजळला, खिडकीवरची टकटक थांबली. मग मेलेल्या डिस्कच्या जागी बसवायची नवी डिस्क त्याने हाती घेतली, सवयीने तिच्या पाठीवर पट्टी चिकटवली, तारीख घातली. पेन तिथेच अडले.

किल्ल्यांचा जुडगा बशीतल्या स्क्रूंवर खणकन पडला.

"सही करा, जावईबापू," सासरे म्हणाले.