तंडुलामृत आणि ओटीचे तांदूळ

बेलापूरच्या देवीच्या मंडपात त्या रविवारी चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. मधोमध कांद्याच्या आडतीवरून आणलेला वजनकाटा होता आणि त्यालाही झेंडूचा हार घातलेला होता. काट्यामागे पाटावर सूर्यभान महाराज बसले होते, शेजारी आंबट वासाच्या बाटल्यांची रास.

"चरबी म्हणजे काय?" महाराज माईकवर विचारत होते. "साठलेलं पाप! भंडारदऱ्याच्या डोंगरात आंबवलेलं हे तंडुलामृत त्या पापाला आतून विरघळवतं. या विमलबाई!"

उपसरपंचांच्या विमलबाई काट्यावर चढल्या. आठ दिवसांपूर्वीचं वजन वाचलं गेलं, मग आजचं. चार किलो उतरले होते! टाळ्या पडल्या. त्यांच्यामागून आलेल्या मोनिकाचेही चारच उतरले. सगळ्यांचं पाप एकाच मापानं विरघळत होतं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मागे खांबापाशी आईला घेऊन उभ्या असलेल्या शुभांगीला मात्र वाटलं. ती कर्जतला शाळेत विज्ञान शिकवायची. कालच माहेरी आली, तर आई भिंत धरून चालत होती आणि घशाला कोरड पडून सारखी पाणी मागत होती. आईनं, म्हणजे रंगुबाईंनी, मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"का गं आई?" शुभांगीनं विचारलं होतं.

"समद्यांचं वजन उतारलं, माजंच न्हाई," रंगुबाई खाली मान घालून म्हणाल्या होत्या. "म्हाराज म्हनले, तुज्यात पुन्य कमी हाय, आन गोळ्यांची उष्नता अमृताला आडवती. माजं आन छबूबाईचं, दोगींचंच राह्यलं बघ."

शुभांगीचं डोकं तेव्हाच सणकलं होतं. बाटलीतलं पाणी एकच, मग ह्या दोघींनीच काय घोडं मारलं होतं? दोघींमध्ये सारखी गोष्ट एकच होती. दोघींचे नवरे वारले होते. पण ते त्या आडतीवरच्या काट्याला कसं कळावं?

कसं, ते आता तिच्या डोळ्यांसमोरच चाललं होतं. नव्या बायकांचं पहिलं वजन सुरू होतं. "सवाशिणीनं देवीच्या दारात पहिल्यांदा रिकाम्या पदरानं काट्यावर चढू नये," असं सांगत महाराजांची शिष्या एकेकीची ओटी भरत होती. घरून आणलेले पायलीभर तांदूळ आणि वर नारळ. ओटीसकट वजन लिहायचं, मग ओटी महाराजांच्या पायाशी रिती करायची. आठ दिवसांनी बाई यायची ती मोकळ्या पदरानं. विधवांच्या ओटीचा तर प्रश्नच नव्हता. ओटी हा देवीचा मान, तिलाही वजन असतं हे कुणाच्या ध्यानीमनी येणार?

शुभांगी आईचा हात धरून सरळ काट्यापाशी गेली.

"महाराज, माझ्या आईची ओटी भरायचीय."

मंडपातल्या सगळ्या माना वळल्या.

"विधवेची ओटी? अधर्म!" महाराज कडाडले.

"शुभे, आगं लोकं काय म्हनतील?" रंगुबाई कुजबुजल्या.

"म्हणू देत. पदर धर, आई."

तिनं महाराजांपुढच्या ढिगातलेच पायलीभर तांदूळ आईच्या पदरात ओतले, वर नारळ ठेवला. काट्यानं अठ्ठ्याहत्तर दाखवले. मग तिनं पदर रिकामा केला. चौऱ्याहत्तर.

"चार किलो," शुभांगी वर्गात बोलावं तशी म्हणाली. "आणि बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नाही."

"काटा बिघडलाय!" महाराज म्हणाले.

"ओ म्हाराज, काट्याला नावं ठेवायचं काम न्हाई," आडतीचे मालक राधाकृष्णशेठ उसळले. "माजा धंदा चालतो त्याच्यावर!"

"तरीच मेलं झंपर तसंच दाटत हुतं," विमलबाई माईकजवळच बोलल्या, ते मंडपभर ऐकू गेलं.

ओटीचे तांदूळ जातात तरी कुठं, असं मोनिकानं शिष्येला विचारलं. ती बिचारी चटकन बोलून गेली, "अमृताच्या पिंपात." म्हणजे बायकांनी आपलेच तांदूळ दिले होते आणि आंबट झाल्यावर विकत घेतले होते. महाराज माईक तिथंच टाकून गाडीत जाऊन बसले.

"हे तंडुलामृत म्हणजे तांदळाचा शिरका. तो चांगलाच असतो, चटणीत घाला," शुभांगी बायकांना म्हणाली. "वजनावर फरक पडलाच तर किरकोळ, तोही जेवण आवरलं, पायी चाललं तर. गोळ्यांची जागा तो घेत नाही. कुणी वजन उतरवून दाखवलं, तर आधी विचारा की पहिल्यांदा काट्यावर काय काय चढलं होतं. विचारल्यानं देवी रागावत नाही. रागावतो तो विकणारा."

दुपारी डॉक्टरांनी रंगुबाईंची साखर तपासली, त्यांना चांगलं झापलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दवाखान्याच्या बाकावर रंगुबाई पदराचं टोक चाचपत बसल्या होत्या.

"शुभे," त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे माज्यात पुन्य कमी न्हवतं?"

शुभांगीनं आईचा पदर सारखा केला. "तुझ्यात काहीच कमी नव्हतं, आई. पदरात तांदूळ नव्हते, एवढंच."