जिची सायकल, तिचाच खांदा

लेकीचा जीव जडला होता पुढे-मागे स्प्रिंगा असलेल्या लाल माउंटन बाइकवर. किंमत कशीबशी बजेटात बसत होती. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि घरातला नियम असा की जिची सायकल, तिनेच ती वर न्यायची. नको म्हटलं तर पोरगी महिनाभर तोंड फुगवून बसेल आणि ऐन हौसेचा विरस होईल, हे आईला ठाऊक होतं. म्हणून तिने दुकानाच्या माळ्याचा जिना तेवढा दाखवला.

“ने बघू वर.”

तिसऱ्या पायरीवरच लेकीला धाप लागली. “आई गं! हिच्या पोटात दगड भरलेत का?”

“स्वस्तातल्या स्प्रिंगा म्हणजे नुसतं लोखंड, बाळ,” दुकानदार हसला आणि त्याच किमतीची, बिनस्प्रिंगांची करडी सायकल पुढे केली.

लेकीने नाक मुरडलं. तरी ती सायकल खांद्यावर घेतली आणि बघता बघता माळा गाठला. आई खालून बघत होती.

“काका,” वरून आरोळी आली, “ती लाल कुणालाही द्या. ही माझी!”