गाळ्यात बसायची अट

विश्रामबागेच्या पुढं, वस्ती विरळ होते तिथं एका खाजगी संशोधन केंद्राची इमारत होती. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या नव्या स्टेंटची तिथं डुकरांवर चाचणी चालायची. डॉक्टर संयोगिता तिथं पशुवैद्य म्हणून रुजू झाली आणि पहिल्याच सकाळी तिच्या कानठळ्या बसल्या. रक्त घ्यायचं म्हणून एका मादीच्या थोबाडाला दोरीचा फास लावला होता, चार माणसं तिला भिंतीशी दाबून उभी होती, आणि ती मादी अशी किंचाळत होती की शेजारच्या गाळ्यांतली सगळी डुकरंही तिच्या सुरात सूर मिसळत होती.

"रोज असंच?" तिनं विचारलं.

"डुकराची जात हाय मॅडम," फास धरलेला कोंडीबा म्हणाला. "वरडल्याबिगर ऱ्हात न्हाई."

कोंडीबा वडूजकडचा. अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता इथं जनावरांची देखभाल करायचा. माणूस वाईट नव्हता. पण जनावर धरायचं म्हणजे आवळायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

संयोगितानं केंद्राचे मुख्य सर्जन डॉक्टर इंद्रजित यांना गाठलं. ते आधीच वैतागलेले होते. रक्ताच्या एका अहवालाचा दुसऱ्याशी मेळ लागत नव्हता, नाडीचे ठोके तर भलतेच.

"सर, घाबरलेल्या जनावराचं रक्त घाबरलेलंच येणार," ती म्हणाली. "मला त्यांना माणसांची सवय लावू द्या. आपणहून पुढं येऊन उभी राहतील."

"डुकरं?"

"कुत्र्यापेक्षा लवकर शिकतात."

"काय करायचं ते करा. शस्त्रक्रियेच्या तारखा मात्र हलणार नाहीत."

तिनं पहिल्यांदा एकेकट्या गाळ्यांमधल्या फळ्या काढून डुकरांना जोडीजोडीनं ठेवलं. डुकरं आधी भांडली, एकमेकांचे कान ओरबाडले, आणि त्याबद्दल संयोगिताला ऐकून घ्यावं लागलं. मग ती रोज सकाळी उलट्या बादलीवर गाळ्यात बसायला लागली. नुसती बसायची. डुकरं कोपऱ्यातून बघायची. हळूहळू एकेक डुक्कर येऊन तिचे गमबूट हुंगू लागलं. कानाला लाल बिल्ला असलेली ती पहिल्या दिवशीची मादी सगळ्यांत शेवटी आली आणि आल्या आल्या तिनं संयोगिताच्या अॅप्रनचा बंद ओढून सोडला.

मग शिकवणी सुरू झाली. काठीच्या टोकाला चेंडू. नाक चेंडूला लागलं की हातातली छोटी डबी टक् वाजवायची आणि लगेच केळ्याची चकती द्यायची. टक् म्हणजे बरोबर, एवढं डुकरांना दोन-तीन सकाळींत कळलं. माणसांना कळेना.

कोंडीबा डुकरं ओरडायला लागली की त्यांना गप्प करायला केळं द्यायचा. परिणाम व्हायचा तोच झाला. तो दारात दिसला की सगळा गोठा बोंब ठोकायला लागला.

"मामा, तुम्ही त्यांना ओरडायला शिकवताय."

"म्या? म्या तर गप करतोय."

"ओरडलं की केळं मिळतं, हेच शिकली ती."

"मग वरडल्यावर काय कानात बोटं घालू व्हय?"

"पाठ फिरवा. गप्प झाली की मगच वळा."

कोंडीबा रागारागानं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बरोबरचे लोक हसले. डुकरांनी आणखी बोंब मारली, मग आणखी, आणि शेवटी दमून गप्प बसली. कोंडीबा वळला तेव्हा त्यानं इतक्या घाईनं केळं दिलं की साल काढायचंही राहिलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विसरला. तिसऱ्या दिवशीही. संयोगिताला वाटायचं, डुकरं परवडली.

तरी काम पुढं सरकलं. लाल बिल्लेवाली चेंडूमागं चालत वजनकाट्यावर जाऊन उभी राहू लागली. पुढं दह्याची वाटी चाटता चाटता कानाला हात लावू देऊ लागली. मग कापसाचा बोळा, मग बिनसुईची सिरिंज, आणि एका सकाळी खरी सुई. कानाच्या शिरेतून रक्त आलं आणि ती वाटीच चाटत राहिली. ना फास, ना चार माणसं. कोंडीबा दाराशी उभा होता. म्हणाला, "आयला!"

मग मामेबहिणीच्या लग्नासाठी संयोगिता कोरेगावला गेली. परतली तेव्हा गोठ्यात तिच्या पावलांच्या आवाजानं सगळी डुकरं मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. लाल बिल्लेवालीच्या थोबाडावर दोरीचा ताजा वळ होता. चेंडू पुढं केला तर ती थरथरायला लागली.

"काय झालं मामा?"

कोंडीबा पाण्याचा पाइप गुंडाळत बसला होता. "पाव्हणं आलं हुतं कंपनीचं. मोठ्या सायबांस्नी लगीच रगत पायजे हुतं. लावला फास."

"कोणी लावला?"

"म्याच."

"एवढं सगळं डोळ्यानं बघून?"

"तुमी न्हवता मॅडम. आन मोठ्या सायबांस्नी न्हाई म्हनायची माझी ऐपत न्हाई. तुमचीबी किती हाय, मला ठावं न्हाई."

ती तडक इंद्रजितच्या खोलीत गेली.

"एकदाच धरलं," ते संगणकावरून नजर न काढता म्हणाले. "जनावर आहे, विसरेल."

"विसरत नाही म्हणून तर शिकतं, सर."

"संयोगिता, शेवटी आपण त्यांची छाती उघडणार आहोत. हे लाड कशासाठी?"

"उघडणार आहोत म्हणूनच. तो एक दिवस आपला. त्याआधीचे सगळे दिवस भीतीत काढायला लावायचे, असं कोणत्या नियमात आहे? आणि परवाच्या रक्ताचा अहवाल बघा. फेकून द्यायच्या लायकीचा आहे."

तो तसाच होता. तोच अहवाल त्यांच्यासमोर उघडा होता आणि स्टेंटच्या कंपनीनं नव्यानं नमुने मागितले होते.

"मग पुन्हा घ्या."

"घेईन. पण गाळ्यात बसल्याशिवाय आता कोणीही जनावराला हात लावणार नाही. तुम्हीसुद्धा. नाहीतर भूल द्यायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

त्यांनी समोरचा अहवाल बंद केला. ती रडकुंडीला आली होती, पण जागची हलली नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर इंद्रजित गमबूट घालून उलट्या बादलीवर बसले. पाच मिनिटांत फोन वाजला आणि डुकरं सैरावैरा पळाली. दुसऱ्या दिवशी फोन बाहेर ठेवला, पण ते इतके ताठ बसले की एकही डुक्कर फिरकलं नाही.

"सायेब, त्येंच्याकडं टक लावू नगा," कोंडीबा दारातून म्हणाला. "त्येंला वाटतंय तुमी धरायलाच आलाय."

"मला दहा वाजता मीटिंग आहे."

"त्येबी कळतंय त्येंला."

"मामा, तुम्ही गप्प बसा," संयोगिता म्हणाली. तिला दोघांचाही कंटाळा आला होता.

बाकीची डुकरं महिनाभरात इंद्रजितच्या हातून केळं घेऊ लागली. लाल बिल्लेवाली त्यांच्याजवळ कधीच गेली नाही. संयोगिताकडं ती आली, पण पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागलं: बादली, चेंडू, दही, बोळा. कोंडीबाकडं यायला तिला त्याहून जास्त वेळ लागला. तो रोज दुपारची भाकरी तिच्या गाळ्याबाहेर बसून खायचा, आणि ती बघतेय हे माहीत असूनही वर बघायचा नाही.

तारीख शेवटी हललीच. शस्त्रक्रियेच्या सकाळी लाल बिल्लेवाली चेंडूमागं स्वतःच्या पायांनी उतार चढून तयारीच्या खोलीत आली. उपाशी ठेवायचं असल्यामुळं केळं नव्हतं, नुसती टक् आणि कानामागं खाजवणं. संयोगितानं गुंगीचं इंजेक्शन दिलं तेव्हा मादीचं डोकं कोंडीबाच्या मांडीवर होतं. इंद्रजित दाराबाहेरच थांबले, ती आडवी होईपर्यंत. मॉनिटरच्या पडद्यावर नाडी संथ होती. त्यांनी ते आकडे नीट बघितले.

स्टेंट बसला, ती बरी झाली, पुन्हा चेंडूमागं चालली. पण चाचणीचा शेवट ठरलेला होता. हृदय तपासायचं तर ते बाहेर काढावंच लागतं. त्या दिवशी कोंडीबानं सुट्टी मागितली. संयोगितानं दिली. तिला स्वतःला सुट्टी नव्हती.

संध्याकाळी हात धुताना इंद्रजित शेजारच्या नळावर आले. "पुढची तुकडी सोमवारी येते. त्यांचं आल्या दिवसापासून सुरू करा."

"त्यासाठी तारखा पुढं घ्याव्या लागतील."

"किती पुढं?"

"ते डुकरं ठरवतील, सर."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हटलं नाही. सोमवारी ट्रक आला. आतून तीच किंकाळी. कोंडीबा फळी खाली करायला पुढं झाला आणि त्याच्या खिशातून केळं डोकावत होतं, आत्तापासूनच. संयोगितानं एक लांब श्वास घेतला आणि त्याच्यापुढं हात पसरला.

"द्या ते इकडं, मामा."