सतराव्या प्रकरणाचा समास

मी एक नमुना प्रत. ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का माझ्या पहिल्याच पानावर आडवा मारलाय, त्यामुळे दुकान मला ठाऊक नाही, गिऱ्हाईक ठाऊक नाही. छापखान्यातून मी एकटीच बाहेर पडले. माझ्यातल्या चुका शोधायच्या, सुधारायच्या आणि मग माझ्यासारख्या दीडशे जणी छापायच्या, असं ठरलं होतं. त्या दीडशे अजून जन्मल्या नाहीत. का नाही, तेच सांगायचंय.

माझं नाव ‘ॲशमूरची धाकटी’. मला लिहिलं रुचिराने. विक्रोळीला कन्नमवार नगरात ती आईबरोबर राहते आणि घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते. सकाळचं पाणी भरून झालं की स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलावर ती दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड मांडून बसायची. घोडागाड्या, नाचाचे दिवाणखाने, लाखेने बंद केलेली पत्रं. कॉलेजात वाचलेल्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या तिच्या डोक्यातून कधी गेल्याच नाहीत. प्रकाशकांनी नकार दिले, तेव्हा अक्षरजुळणी तीच शिकली, मुखपृष्ठ तिनेच केलं. अशा दोन कादंबऱ्या तिने स्वतःच्या हिमतीवर काढल्या. मी तिसरी.

लॅबमधली नंदा तिला म्हणायची, “आपल्याकडच्या गोष्टी संपल्या का गं? गोऱ्यांच्या घोडागाड्या कशाला?”

रुचिरा म्हणायची, “तिथेही मुलीचं लग्न झालं की आई सुटकेचा श्वास सोडते. जावई कसाय, ते कोणी विचारत नाही. आपलंच आहे की सगळं.”

माझ्यातली गोष्ट तशी साधी. ॲशमूर घराण्याची धाकटी मुलगी सेलिना एका देखण्या कॅप्टनशी लग्न करते. कॅप्टन कधी आवाज चढवत नाही. आधी तिची जुनी मोलकरीण काढतो. मग तिची पत्रं तिच्याआधी स्वतः उघडतो. सतराव्या प्रकरणात घराची किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात जाते आणि तिथेच राहते.

हा कॅप्टन इंग्लंडातून आलाच नव्हता. तो राहत होता गोरेगावात.

रुचिराची धाकटी बहीण श्रुतिका. दीड वर्षापूर्वी तिचं अनयशी लग्न झालं. शूटिंगला दिवे भाड्याने देण्याचा त्याचा धंदा, बोलणं गोड, वाकून नमस्कार करणारा. त्यांची आई विमला मालवणकडची. ती शेजारणींना सांगायची, “जावय नाय गो, झील मेळलो माका.” झील म्हणजे मुलगा. पुढे श्रुतिकाची बालवाडीतली नोकरी सुटली. फोन स्पीकरवर लागू लागला. माहेरी येताना तो सोबत, जाताना तो सोबत. रुचिराने एकदा आईजवळ विषय काढला, तर विमला आठवडाभर तिच्याशी धड बोलली नाही. तेव्हापासून रुचिरा तोंडाने बोलायची थांबली आणि माझ्यात लिहू लागली.

आधीच्या दोन्ही कादंबऱ्यांच्या चुका श्रुतिकानेच काढल्या होत्या. म्हणून मी छापून आले तेव्हा अनयच म्हणाला, “द्या ना ताई, तिला करमत नाही.” रुचिराने क्षणभर मला छातीशी धरलं. मग दिलं. तिने जाणूनबुजून दिलं की भिऊन, हे मला अजूनही कळलं नाही.

बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात मला आधी अनयने वाचलं. चष्मा लावून, शांतपणे, रविवारच्या सकाळी. सतराव्या प्रकरणाशी त्याचा अंगठा थांबला. ते पान त्याने दोनदा वाचलं. मग बोट आत ठेवून मला मिटलं आणि रुचिराला फोन लावला.

“ताई, कॅप्टन झकास जमलाय हां. कोणावरून घेतलात?”

“मनातूनच.”

“बरंच आहे की तुमच्या मनात,” तो हसला. “आता श्रुतिका वाचेल. मी बसतो ना तिच्या शेजारी.”

आणि तो बसला. चार दुपारी श्रुतिका हातात पेन्सिल घेऊन मला वाचत होती. ऱ्हस्व, दीर्घ, सुटलेला अनुस्वार. तिची बोटं गार होती. पान उलटायच्या आधी ती नकळत त्याच्याकडे बघायची.

चौथ्या दिवशी गॅसवाला आला. अनय दाराशी गेला, पावतीवरून दोन शब्द झाले. तेवढ्यात तिने सतरावं प्रकरण उघडलं, मला दोन्ही हातांनी शिलाईपर्यंत ताणलं आणि आतल्या समासात, दोन पानं एकमेकांत मिटतात तिथे, पेन्सिल दाबून लिहिलं, ‘ताई, हे खरं आहे. मला घेऊन जा.’

परत आल्यावर अनयने मला पानापानाने तपासलं. पण त्याने मला कधी शिलाईपर्यंत ताणलं नाही. चांगलं पुस्तक मोडू नये, असं त्याला वाटतं.

मला पोचवायला तो स्वतः विक्रोळीला आला. चहा घेतला, विमलाच्या गुडघ्यांची चौकशी केली. उठताना माझ्यावर हात ठेवून म्हणाला, “सतरावं काढून टाका, ताई. श्रुतिकालाही नाही आवडलं. उगाच कोणाला वाटायचं, घरचंच लिहिलंय.” रुचिरा मान खाली घालून “बघते” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या करायला तिने मला टेबलावर उलगडलं. मी सपाट राहीना, म्हणून तळहाताने दाबलं. माझा कणा कडकन वाजला आणि ती ओळ वर आली. रुचिरा उठून उभी राहिली. मग मला तशीच उघडी धरून आईसमोर नेलं.

विमलाने चष्मा पुसून वाचलं. म्हणाली, “माजीच पोरगी, आनि माकाच कळला नाय.” आणि चपला शोधू लागली.

मी रुचिराच्या पिशवीत होते, म्हणून पुढचं मला फक्त ऐकू आलं. बेल. दार.

“ती झोपलीय, आई,” अनयचा आवाज. “संध्याकाळी तिला मीच घेऊन येतो ना.”

“झोपलेल्या पोरीक बघूक आवशीक कोणाची परवानगी लागता?” विमला म्हणाली आणि आत शिरली.

श्रुतिका झोपलेली नव्हती. बेडरूमच्या दाराला बाहेरून कडी होती. ती काढताना झालेला आवाज मी विसरले नाही. श्रुतिका अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. अनय भांडला नाही, ओरडला नाही. लिफ्टपर्यंत आला आणि प्रेमाने म्हणाला, “चार दिवस राहा. मग ये.”

याला सहा महिने झाले. आता मी घाटकोपरला वकील नीलमताईंच्या लोखंडी कपाटात, पारदर्शक पिशवीत असते. अनयवर केस उभी आहे. रुचिराने माझी छपाई थांबवलीय. अनयचं म्हणणं, कादंबरी ती कादंबरीच, आणि कडी चुकून लागली. नीलमताईंनी त्या ओळीचे फोटो काढून ठेवलेत, पण त्या म्हणाल्या, “फोटो काय करतील? श्रुतिकाने स्वतः उभं राहून सांगायला हवं.”

अनय तिला रोज मेसेज करतो. शिवी नाही, धमकी नाही. ‘जेवलीस का?’ ‘तुझी तुळस मी जगवलीय.’ ‘आपण कोणाच्या गोष्टीत राहायचं नाही.’

उद्या तिची साक्ष आहे. आज दुपारी ती एकटीच ऑफिसात आली. नीलमताई कोर्टात होत्या. “एकदा बघू दे,” म्हणून तिने कारकुनाकडून मला मागून घेतलं. सतरावं प्रकरण उघडलं. बाजूला तिचा फोन दोनदा थरथरला. तिने आपली ओळ वाचली, खिडकीबाहेर बघितलं, आणि मग टेबलावरचं खोडरबर उचललं.

श्रुतिका, नको गं, मी म्हणत होते. पुस्तकाचं कोण ऐकतं?

तिने सावकाश, माझा कागद फाटणार नाही अशा बेताने खोडलं. कण फुंकून उडवले. मला मिटून पिशवीत घातलं आणि ती गेली.

पण तिने तेव्हा पेन्सिल फार दाबली होती. शिसं गेलं, अक्षरांच्या खाचा राहिल्यात. सरळ बघितलं तर पान कोरं दिसतं. म्हणून सांगते, उद्या सकाळी कपाट उघडणारं जे कोणी असाल, मला खिडकीशी न्या. पान उजेडात तिरकं धरा. आणि न्यायाधीशांच्या आधी ते तिलाच दाखवा.