आयता चहा

परांचीवरून पडून रंगाऱ्याचा कणा मोडला आणि पाय कायमचे लुळे पडले. तेव्हापासून आईच त्याला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायची.

मग एका संस्थेचं अनुदान मिळालं. दारं रुंद झाली, ओटा खाली आला, पलंगावरून खुर्चीत सरकायला फळी आली.

एका सकाळी आई त्याला उठवायला आली, तर तो ओट्यापाशी चहा गाळत होता.

"आई, आज तू आयती बस."

ती बसली. "आता माझं काय काम रे इथे?"

त्याने कप पुढे केला. तो घेताना खांदा धरून ती कळवळली.

"हे कधीपासून?"

"झाली असतील काही वर्षं. चहा छान झालाय हं," ती न पिताच म्हणाली.

त्याने कप तिच्या ओठांना लावला.